सिॲटलच्या टेकडीवर

जहाजावर माणसाला नाव नसते, हुद्दा असतो. कप्तान, चीफ, बोसन, कुक. भारतीय खलाशी असलेल्या जहाजांवर मी 'बत्तीसाब' होतो आणि फिलिपिनो खलाशी असलेल्या जहाजांवर नुसताच 'इलेक्ट्रिशियन'. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या शेजारी बसून मी जेवलो, त्यांतल्या कितीतरी माणसांची खरी नावे आज मला आठवत नाहीत. ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला तो मनुष्यही माझ्या लेखी केवळ 'बोसन'च आहे.

आमची ओळख एका जळलेल्या बल्बमुळे झाली. खलाशांच्या भोजनकक्षात, कोपऱ्यातल्या फळीवर, बाळ येशूची एक मूर्ती होती. लाल मखमली झगा, डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोल. फिलिपिनो लोक तिला 'सांतो निन्यो' म्हणतात आणि तिच्यावाचून त्यांचे जहाज बंदर सोडत नाही. तिच्यापुढचा लहानसा दिवा विझला होता, तो बदलायला मी गेलो. काम झाल्यावर सवयीने कपाळावर क्रुसाची खूण केली. मागे उभ्या असलेल्या बोसनने विचारले, "तू ख्रिस्ती? हिंदुस्थानातला?" मी वसईची हकिकत सांगू लागलो. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे, हे ऐकून तो थांबला. गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तिथूनच जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, १६३७ मध्ये, त्याच नागासाकीत फिलिपिन्सचे पहिले संत लोरेन्झो रुईझ यांनी प्राण दिले. "म्हणजे तुझा आणि माझा, दोघेही एकाच गावात गेले," बोसन म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या टेबलावर माझी एक खुर्ची ठरून गेली. आईने डब्यात भरून दिलेली सुकेळी मी त्याला देऊ लागलो. केळे उन्हात सुकवून इतके गोड होते, यावर त्याचा पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

त्याचा एक धाकटा काका होता. खरे म्हणजे आजोबांचा भाऊ. लूझोन बेटावरच्या पांगासिनान प्रांतातून तो विशीत अमेरिकेला गेला आणि परत आला नाही. उन्हाळ्यात अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांत, उरलेले वर्षभर कॅलिफोर्नियाच्या शेतांत. पैसे येत, फोटो येत, फोटोत कोट आणि हॅट असे. लग्न केले नाही. 'केले नाही' म्हणणेही बरोबर नव्हे. तिथे गेलेल्या फिलिपिनोंत स्त्रिया अगदी थोड्या होत्या आणि गोऱ्या स्त्रीशी विवाह करायला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बंदी होती. अशा हजारो माणसांना पुढच्या पिढ्या 'मानाँग' म्हणतात. इलोकानो भाषेत त्याचा अर्थ थोरला भाऊ. आपल्याकडे दादा म्हणतात तसा. एका अख्ख्या पिढीला नुसते 'दादा' म्हणणे मला मोठे विलक्षण वाटले. बोसनचा हा दादा म्हाताऱ्या वयात एका हॉटेलच्या खोलीत वारला. त्याच्या सामानात सापडलेले एक पुस्तक फिरत फिरत बोसनकडे आले होते. पाठीला चिकटपट्टी लावलेले. कार्लोस बुलोसान याचे 'अमेरिका इज इन द हार्ट'.

"काकाने आम्हांला काहीच सांगितले नाही. याने सांगितले," असे म्हणून त्याने ते पुस्तक मला वाचायला दिले.

प्रशांत महासागर ओलांडायला आम्हांला दोन आठवडे आणि वर काही दिवस लागत. तेवढ्यात मी ते वाचून संपवले. त्या रात्री मला झोप आली नाही, याचे कारण पुढे सांगतो.

बुलोसानचा जन्म पांगासिनानमधल्या बिनालोनान गावानजीकचा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून साल १९११ धरतात; इतर कागदांवर १९१३ आणि १९१४ अशीही साले आहेत. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने तो देश २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केला होता. घर शेतकऱ्याचे. थोरल्या भावाच्या शिक्षणासाठी बापाने जमीन गहाण टाकली आणि ती तुकड्यातुकड्याने गेली. आई बाजारात खारवलेली मासळी विकायची. मुलगा माध्यमिक शाळेत थोडे दिवस बसला न बसला आणि १९३० साली बोटीच्या तळच्या वर्गातून सिॲटलला उतरला. वय अठराच्या आसपास. इंग्रजी ही त्याची मायबोली नव्हे. आणि पुढे ज्या भाषेत त्याने नाव कमावले ती तीच.

साल वाईट होते. महामंदी सुरू झालेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल येथे गोऱ्यांच्या जमावाने फिलिपिनो मजुरांवर हल्ले केले होते आणि फर्मिन टोबेरा नावाचा तरुण खोपटात झोपलेला असताना गोळी लागून मेला होता. बुलोसानच्या पुस्तकात उतरल्याबरोबरच त्याला आणि त्याच्या सोबत्यांना माणशी ५ डॉलर घेऊन अलास्काच्या मुकादमाला विकून टाकले जाते. मग शेते. फुलकोबी, शतावरी, वाटाणे, संत्री. मालगाडीच्या छपरावरून एका शहरातून दुसऱ्या शहरात. मार, जुगार, उपास. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून छापले गेले, तरी त्यातले सगळेच त्याच्या एकट्याच्या आयुष्यात घडलेले नाही. भावांचे, सोबत्यांचे, ऐकलेले असे पुष्कळ त्याने 'मी'च्या तोंडी घातले आहे. काही अभ्यासकांना ते खटकते. मला खटकले नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपले हाल कुणाकडे ठेवायचे?

लिहिण्याची वाट मात्र रुग्णालयातून गेली. १९३४ मध्ये त्याने मजुरांसाठी 'द न्यू टाइड' नावाचे लहानसे नियतकालिक काढून पाहिले होते, पण ते टिकले नाही. १९३६ साली क्षयाने त्याला लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात आणून टाकले. दोन वर्षे तो तिथे होता. फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी काही वर्षे होती. पडून राहायचे आणि वाट पाहायची. सनोरा आणि डोरोथी बॅब या दोघी बहिणी त्याला पुस्तके आणून देत आणि तो दिवसाला एक पुस्तक संपवी, असे सांगतात. जे शाळेने दिले नाही ते त्याने खाटेवर मिळवले. आपल्या गावातही असे एक-दोन रुग्ण असायचे. आरोग्यधामातून परत आले की चालताना धाप लागायची, पण बोलू लागले म्हणजे माणसे ओट्यावर गोळा व्हायची. माझ्या आईचे मामा तसे होते.

रुग्णालयातून बाहेर पडला तो अंगमेहनतीच्या कामाचा राहिला नव्हता. मग तो लिहू लागला. १९४२ मध्ये कवितांचे पुस्तक आले. ६ मार्च १९४३ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये त्याचा निबंध छापून आला, ती घटना मला फार महत्त्वाची वाटते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ च्या भाषणात चार स्वातंत्र्ये सांगितली होती. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने त्यांवर चार चित्रे काढली आणि प्रत्येक चित्राबरोबर एकेका लेखकाचा निबंध द्यायचे ठरले. इतर तिघे नामवंत अमेरिकन. तिसरे स्वातंत्र्य अभावापासूनचे, म्हणजे साध्या भाषेत उपासमारीपासूनचे. ते बुलोसानच्या वाट्याला आले. चित्र अनेकांनी पाहिले असेल: पांढरीशुभ्र चादर, भोवती हसणारे कुटुंब, आजी भलीमोठी भाजलेली टर्की टेबलावर ठेवते आहे. आणि त्या चित्राच्या सोबतीला ज्याचे शब्द, तो त्या टेबलावर कधी बसलेला नव्हता. अन्न पिकवणारे हातच जर ताटापासून दूर राहत असतील तर त्या देशाच्या भरलेल्या टेबलाविषयी काय बोलावे, असा त्या निबंधाचा रोख आहे. तो न चिडता लिहिलेला आहे. उपाशी राहिलेल्या माणसाने अन्नाविषयी इतके शांतपणे लिहावे, हे मला अजूनही नवल वाटते.

१९४४ मध्ये 'द लाफ्टर ऑफ माय फादर' आले. गावाकडच्या बापाच्या विनोदी कथा. पुस्तक गाजले. टीकाकारांनी त्याला विनोदी लेखक ठरवले, आणि आपण संतापाने लिहिले ते लोकांनी हसून वाचले याचे त्याला वाईट वाटले. त्याच वर्षी 'न्यूयॉर्कर'मध्ये आलेल्या त्याच्या एका कथेवर दुसऱ्याची कथा उचलल्याचा आरोप झाला आणि तो डाग पुढे त्याच्या नावामागे राहिला. माझ्या बोसनला ही गोष्ट ठाऊक नव्हती. पुढे मी वाचून काढली. थोरामोठ्यांची चरित्रे लिहिताना आपण असल्या गोष्टी गाळतो. पण गाळून काय साधते?

१९४६ च्या मार्चमध्ये 'अमेरिका इज इन द हार्ट' प्रसिद्ध झाले. त्याच जुलैत फिलिपिन्स स्वतंत्र झाले आणि तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा देणारा कायदाही झाला. त्याच कायद्याने ती मुभा हिंदी लोकांनाही मिळाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. बुलोसान मात्र अखेरपर्यंत नागरिक झाला नाही आणि मायदेशीही परतला नाही. पुढची दहा वर्षे उताराची. युद्ध संपले, कम्युनिस्टांचा संशय सुरू झाला, गुप्तचर खात्याने त्याच्यावर पाळत ठेवली, प्रकाशक दुरावले, दारू जवळ आली. सिॲटलला मासळी-कामगारांच्या संघटनेने त्याला आधार दिला. १९५२ चे त्यांचे वार्षिक त्याने संपादित केले. सप्टेंबर १९५६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. पुढे १९७३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने त्याचे पुस्तक पुन्हा छापले आणि ते नव्या पिढीच्या हाती गेले. चिकटपट्टी लावलेली ती प्रत याच आवृत्तीची होती.

आता झोप न येण्याचे कारण.

मला जहाजाच्या प्रशिक्षणाला पाठवण्यासाठी आमच्या बाबांनी विहिरीकडची वाडी गहाण टाकली होती. माझ्या पाठचा भाऊ तेव्हा अकरावीत होता. मराठीच्या सरांनी त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवावा, धर्मग्रामाच्या हस्तलिखितात त्याची कथा असावी, नाताळच्या नाटुकलीचे संवाद त्याने लिहावेत, हे ठरलेलेच. पुढे मराठी घेऊन बी. ए. करायचे त्याच्या मनात होते. मी समुद्रावर गेलो, पण पहिली तीन वर्षे हातात फारसे काही पडले नाही आणि सावकाराचे व्याज थांबले नाही. शेवटी १९८४ मध्ये तो कुवेतला गेला, एका बांधकामावर स्टोअरकीपर म्हणून. वाडी त्याच्या पैशाने सुटली. माझ्या नव्हे.

तिथून तो लांबलचक पत्रे लिहायचा. आठ-आठ, दहा-दहा पाने. खोलीत सोळा माणसे कशी झोपतात, केरळचा एक सुतार शुक्रवारी कोळंबी कशी रांधतो, वाळूचे वादळ येण्याआधी आकाश कसे पिवळे पडते, चर्चच्या अंगणात किती भाषांतून 'हे आमच्या बापा' ऐकू येते. आई ती पत्रे शेजारणींना वाचून दाखवी. मी सुट्टीवर आलो असताना ती वाचली आणि मला काय वाटले, आज नेमके सांगता येत नाही. काळजी होती, हे खरे. थोडा मत्सरही असावा. घराचा कर्ता मी, आणि घर त्याच्या पत्रांची वाट पाहते. मी त्याला लिहिले: "एवढे लांब लिहीत जाऊ नकोस. रात्रीची विश्रांती घे. पैसे किती पाठवलेस आणि तब्येत बरी आहे की नाही, एवढे कळवले तरी पुरे."

त्यानंतर त्याची पत्रे तीन ओळींची येऊ लागली. आईने दोनदा मला विचारले, त्याचे काही बिनसले आहे का. मी सांगितले, काम वाढले असेल.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले. सप्टेंबरात तो अम्मानमार्गे, सरकारच्या विमानातून, एक पिशवी घेऊन परत आला. वाळवंटातल्या छावणीत काय पाहिले ते त्याने कुणालाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो वाडीत गेला आणि तिथेच राहिला. मोगरा, केळी, थोडी पानवेल. पुन्हा कधी काही लिहिले नाही; नाताळच्या नाटुकलीचे संवादही नाहीत.

बुलोसानच्या पुस्तकातली गहाण पडलेली जमीन, थोरल्या भावाचे शिक्षण आणि धाकट्याची बोट वाचताना माझे काय झाले असेल, हे वाचकांच्या ध्यानात येईल. फरक इतकाच, की त्या धाकट्याला कुणी 'लांब लिहू नकोस' असे सांगितले नाही.

१९९७ च्या ऑक्टोबरात आम्ही सिॲटलला मका भरायला लागलो होतो. तिथला पिअर ८६ हा धान्याचा धक्का क्वीन ॲन नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. उंच कोठारांतून नळांवाटे मका खाली येतो, हवेत भुसा तरंगतो, डेकवर, बुटांत, खिशात सगळीकडे पिवळे दाणे. बोसनने टेकडीकडे बोट करून सांगितले, "तो वर आहे." माउंट प्लेझंट दफनभूमीत. पाऊस पडल्याने भरण थांबले तेव्हा कप्तानाची परवानगी घेऊन आम्ही दोघे निघालो. चढ चांगलाच आहे. सुबक घरे, ओली मॅपलची पाने, बगीच्यात कुणी नाही. दफनभूमीच्या कार्यालयातल्या बाईंनी नकाशावर खूण करून दिली. विचारणारे अधूनमधून येतात, असे म्हणाल्या.

काळ्या ग्रॅनाइटची शिळा आहे. ती १९८४ मध्ये बसवली. तोवर अठ्ठावीस वर्षे त्या जागेवर नाव नव्हते. ज्याने हजारो बिननावाच्या माणसांना 'मी' म्हणायला शिकवले, तोच इतकी वर्षे बिननावाचा होता. बोसनने शिळेवरची पाने हाताने बाजूला केली. आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. मी मराठीत म्हटली. मग रुमाल काढायला त्याने खिशात हात घातला तर मक्याचे पाच-सात दाणे निघाले. क्षणभर त्याने ते तळहातावर धरले आणि शिळेच्या कडेला ठेवून दिले. "काकाची कबर कुठे आहे ते आम्हांला ठाऊक नाही," एवढेच तो परतताना बोलला.

त्या रात्री मी भावाला पत्र लिहिले. आयुष्यातले माझे सर्वांत लांब पत्र, अकरा पाने. टेकडी लिहिली, पाऊस लिहिला, बुलोसानची खाट आणि पुस्तके लिहिली. शेवटच्या पानावर त्या जुन्या पत्राबद्दल क्षमा मागितली. तेव्हा ऑगस्टची अलॉटमेंट घरी पोचली का, हेही तळाशी विचारले. सवय जात नाही.

जपानच्या बंदरात त्याचे उत्तर मिळाले. "पत्र मिळाले. पैसे मिळाले. सर्व क्षेम." तीन ओळी.

त्याला दोष देण्याचा मला अधिकार नव्हता. मी घरी गेल्यावर तो विषय दोघांनीही काढला नाही. बोसन पुढच्या करारावर दुसऱ्या जहाजावर गेला. नाताळला एक कार्ड आले, पुढे तेही थांबले. निवृत्तीनंतर मी बुलोसानच्या पुस्तकाची नवी प्रत मुलीकडून मागवून घेतली. २०१९ ची, पेंग्विनची. ती माझ्या कपाटात होती.

गेल्या नाताळात भाऊ दुपारचा आला आणि कपाटापुढे उभा राहिला. "हेच का ते?" एवढेच विचारून पुस्तक घेऊन गेला. इंग्रजी वाचायची सवय सुटलेली, चष्मा जुना. मला वाटले, चार पाने वाचून ठेवून देईल. उपवासकाळ सुरू झाला, झावळ्यांचा रविवार झाला, तरी पुस्तक परत आले नाही. पास्काच्या सोमवारी मोगऱ्याच्या पुडीबरोबर त्याने ते ओट्यावर ठेवले आणि चहा घेऊन गेला.

रात्री मी उघडून पाहिले. समासात ठिकठिकाणी पेन्सिलीने मराठीत लिहिलेले आहे. अक्षर तेच, हस्तलिखितातले, थोडे थरथरते. कुठे नुसते 'असेच'. कुठे 'हे खोटे, भूक लागली की माणूस इतका बोलत नाही'. मजुरांच्या खोपटाचे वर्णन आहे तिथे कडेला जागा पुरली नाही म्हणून वरच्या समासात वळवून लिहिले आहे: 'आम्ही सोळा होतो. खिडकीजवळची खाट सुताराची. तो रात्री दोन वाजता उठून'

तेवढ्यावर पान संपते. पुढच्या पानाच्या समासात काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेलो, विहिरीच्या काठावर त्याच्याशेजारी बसलो आणि विचारले, सुतार उठून काय करायचा?